छत्तीस तुरींचा हिशेब

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आणि त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी माझ्या टेबलावर एक हार्ड डिस्क ठेवून गेल्या. फुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेली, वर जांभळ्या शाईने नमुन्यांचे नंबर. आत तुरीचे ३६ वाण होते. बी नव्हे, त्यांच्या डीएनएची वाचनं. ए, सी, जी, टी या चारच अक्षरांच्या ओळी, दाबून बसवलेल्या अवस्थेत जवळपास २४० जीबी.

"सर, मॅडमच्या संगणकावर एक नमुना लावून बघितला," विद्यार्थिनी म्हणाली. "काल सकाळी लावलाय, अजून चालूच हाय."

मी परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेचा कारभार बघतो. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीला सुटला. पण उन्हाळी सुट्टीत माझ्याकडचे वीस संगणक धूळ खात पडतात, हे मॅडमना बरोबर ठाऊक होतं. पुढे पाच-सहा आठवडे जे झालं ते इथे मांडतोय, चुकांसकट. आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात कुणी असलाच उद्योग करायला निघालं, तर त्याचे दोन-चार दिवस वाचतील.

प्रश्न काय होता

मर रोग मराठवाड्यात सांगावा लागत नाही. फुलोऱ्यात आलेली तूर उभ्याउभी वाळते. खोड उभं चिरलं की आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. फ्युजॅरियम उडम ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. ती जमिनीत, जुन्या धसकटांवर दोन-तीन वर्षं तग धरते, त्यामुळे फवारणीने भागत नाही. खरा उपाय म्हणजे फेरपालट आणि प्रतिकारक वाण. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ किंवा बीडीएन ७११ हे वाण आपल्या भागात घरोघरी पोचले ते काही उगाच नाही. ही विद्यार्थिनी जिंतूर तालुक्यातली. तिच्या वडिलांच्या दोन एकरांतली तूर एका वर्षी अशीच गेली होती, आणि तिने विषय निवडला तो तिथूनच.

मुद्दाम बुरशी वाढवलेल्या वाफ्यात, ज्याला संशोधक सिक प्लॉट म्हणतात, तिने ३६ वाण लावले. १७ तगले, १९ गेले. आता तगलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या डीएनएत नेमका फरक कुठे, हे शोधायचं होतं.

यासाठी तुलनेला एक मूळ प्रत लागते. तुरीची अशी प्रत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जानेवारी २०१२ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आली. वाण आशा, म्हणजे आयसीपीएल ८७११९. तुरीचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, साधारण ८३ कोटी अक्षरांचा. त्यातली सुमारे ६०.६ कोटी अक्षरं जुळवता आली आणि ४८,६८० जनुकांचा अंदाज निघाला. म्हणजे ग्रंथ आहे, पण काही पानं गहाळ. याहून मोठी भानगड म्हणजे, जुळलेल्या ६०.६ कोटींपैकी ११ गुणसूत्रांवर क्रमाने बसवता आली ती जेमतेम २४ कोटी अक्षरं. बाकीचे सुटे तुकडे, लाखावर. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी वाचली आणि सोडून दिली. पुढे ती चांगलीच महागात पडली.

काम दोन टप्प्यांचं. आधी, १५० अक्षरांचं प्रत्येक वाचन मूळ प्रतीत कुठे बसतं ते शोधायचं. एका नमुन्यात अशा वाचनांच्या पावणेतीन कोटी जोड्या, ३६ नमुन्यांत जवळजवळ शंभर कोटी. हे बीडब्ल्यूए नावाची आज्ञावली करते. मग प्रत्येक जागी त्या वाणाचं अक्षर मूळ प्रतीपेक्षा वेगळं आहे का ते ठरवायचं. हे जीएटीके संचातल्या हॅप्लोटाइप कॉलरचं काम. एका नमुन्यावर वेळ मोजून मी हिशेब घातला: चार कोअरच्या, म्हणजे एकाच वेळी चार हातांनी हिशेब करणाऱ्या, एका डेस्कटॉपवर महिनाभर. तेही अखंड वीज मिळाली तर. मे महिन्यात, परभणी जिल्ह्यात.

पहिली रात्र

वीस संगणक, प्रत्येकी चार कोअर, ८ जीबी मेमरी. एका स्विचला सगळे जोडलेले. साधे संगणक जोडून मोठं काम काढण्याची ही युक्ती काही नवी नाही. १९९४ मध्ये नासात '४८६' प्रोसेसरचे १६ साधे संगणक जोडून 'बेओवुल्फ' उभा केला तेव्हापासून ती जगभर चालते. आपल्याकडे तर त्याआधीच, १९९१ मध्ये, पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० केला, तोही लहान लहान प्रोसेसर एकत्र बांधूनच. बाहेरून महासंगणक मिळेना म्हणून.

तर मी मॅडमची हार्ड डिस्क माझ्या टेबलावरच्या संगणकाला लावली, ती नेटवर्कवर सगळ्यांना खुली केली आणि वीस यंत्रांवर वीस नमुने एकदम सोडले. ३० दिवस भागिले २०, म्हणजे दीड दिवसात काम फत्ते. मनातल्या मनात मी मॅडमना फोनसुद्धा करून टाकला होता.

रात्री अकराला बघतो तर सगळ्या यंत्रांचे प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर रेंगाळलेले. विद्यार्थिनीने पडद्याकडे बोट दाखवलं. "सर, तास झाला, पट्टी जागची हलंना झालीय." हार्ड डिस्क मात्र कानाला ऐकू येईल अशी कडकडत होती. एकच फिरती तबकडी, एकच सुई. वीस जण वीस ठिकाणचा मजकूर मागताहेत आणि सुई इकडून तिकडे धावतेय. वाचायला लागणाऱ्या वेळापेक्षा तिचा धावण्यातच जास्त वेळ जात होता.

प्रयोगशाळेचे शिपाईमामा दार बंद करायला थांबले होते. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, पंधरा बाया तुरी कापायला लावल्या म्हणून रास लवकर व्हती का? हडंबा एकच हाय ना."

मी वर्गात हेच अ‍ॅमडॉलचा नियम म्हणून शिकवतो, फळ्यावर सूत्र लिहून. जीन अ‍ॅमडॉलने १९६७ मध्ये तो मांडला. कामाचा ९५ टक्के भाग वाटता येत असेल आणि ५ टक्के एकालाच करावा लागत असेल, तर ८० कोअर लावून वेग ८० पट होत नाही, १६ पट होतो. ८० हजार लावले तरी २० पटींच्या पुढे जात नाही. वर्षानुवर्षं शिकवलेला हा नियम मामांनी आठवून द्यावा, याची थोडी लाज वाटली. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, हा मराठवाड्यातल्या प्रत्येकाने बघितलेला ५ टक्के आहे.

उपाय साधा निघाला. आधी एकेक करून प्रत्येक नमुना त्या-त्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवायचा, मग काम सुरू. सलग वाचन असेल तर तीच हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते. सगळा माल पाऊण तासात वाटून झाला. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले आणि खोली तापायला लागली.

वेग कुठे अडला

खोली खरोखरच तापली. दुपारी बाहेर ४३ अंश, एसी एकच आणि तो आवाज करण्यापुरता. एका नमुन्याच्या जुळणीला जवळपास तेरा तास लागले, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या सहा संगणकांना पंधरा. सगळी यंत्रं एकाच खरेदीची, मग फरक का? प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. ऊन उतरेपर्यंत ते सहा जण धापा टाकत होते. मामांनी कूलर आणून ठेवला. मी दमटपणाचं कारण सांगून तो बंद केला. मामांनी मी जेवायला गेल्यावर परत लावला. तो विषय तसाच राहिला.

इथे एक गंमत लक्षात आली. नमुने ३६, संगणक २०. पहिल्या फेरीत वीस, दुसरीत सोळा. म्हणजे दुसऱ्या फेरीत चार रिकामेच. १८ संगणक असते तरी तितकाच वेळ लागला असता. मग आम्ही भिंतीकडच्या सहांपैकी चार दुसऱ्या फेरीतून वगळले आणि उरलेले दोन रात्रीच लावले. सगळी जुळणी मिळून साधारण २७ तास.

दुसरा टप्पा, हॅप्लोटाइप कॉलर, जास्त चिवट. ही आज्ञावली चालवायला ४ जीबीच्या आसपास मेमरी हाताशी असावी लागते. ८ जीबीच्या संगणकावर चार कोअर असून उपयोग नाही, दोनच पंगतीला बसतात. तिसरा बसवला की मेमरी संपते आणि यंत्र डिस्कवर लिहित-पुसत बसतं. नमुन्याला १४ तास. आणि बरोबर अकराव्या तासाला, वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. दोन तास. यूपीएसने दहा मिनिटं तग धरली.

वीस यंत्रांचं अकरा तासांचं काम पाण्यात. त्याहून वाईट म्हणजे, सकाळी मी स्क्रिप्ट परत लावली तर तीन नमुने 'झाले आहेत' म्हणून तिने सोडून दिले. अर्धवट लिहिलेली फाइल जागेवर होती आणि माझी स्क्रिप्ट फाइल आहे की नाही एवढंच बघत होती. विद्यार्थिनीला एका नमुन्यात फरकांची संख्या संशयास्पद कमी दिसली म्हणून हे कळलं. तेव्हापासून नियम केला: लिहायचं ते तात्पुरत्या नावाने, आणि शेवटचं अक्षर पडल्यावरच खरं नाव द्यायचं. नंतर सगळंच काम स्नेकमेकवर नेलं. कुठला तुकडा झाला, कुठला अर्धवट राहिला, याची वही ती आज्ञावली स्वतः ठेवते.

लाइट जाणारच, तर नुकसान कमी व्हावं म्हणून काम लहान तुकड्यांत कापायचं ठरलं. तुरीची गुणसूत्रं ११, म्हणून प्रत्येक नमुन्याचे ११ तुकडे, आणि सुट्या तुकड्यांचा मिळून बारावा. दिसायला झकास. पहिल्या दिवशी सोडून दिलेली गोष्ट इथे आडवी आली. बाराव्या पोत्यात जीनोमचा साठ टक्के भाग होता! अकरा तुकडे भराभर संपायचे आणि बारावा आठ तास चालत राहायचा. लाइट गेली की तोच जायचा.

तेव्हा गुणसूत्रांचा नाद सोडून आम्ही फक्त लांबी बघितली. प्रत्येकी दीड कोटी अक्षरांचे, जवळपास सारखे ४० तुकडे केले. पण कापायचं कुठे? मधेच कापलं तर ज्या जागी सुरी पडते तिथला फरक दोन्हीकडून निसटू शकतो. मूळ प्रतीत जिथे अक्षर माहीतच नाही तिथे 'एन' लिहिलेला असतो, कधी एकापाठोपाठ शेकडो. तिथे कुठलंच वाचन बसत नाही, त्यामुळे तिथे कापलं तर काही तुटत नाही. सुट्या तुकड्यांना तर स्वतःची टोकं असतातच. ही कापणी विद्यार्थिनीने केली, मी नाही. शेताचा बांध कुठे घालायचा, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

३६ गुणिले ४०, म्हणजे १४४० कामं. एकेक वीस-बावीस मिनिटांचं. एका वेळी ४० चालतात. कागदावर साडेबारा तास, प्रत्यक्षात १७, कारण मधे दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा नुकसान झालं ते फक्त चालू असलेल्या तुकड्यांचं.

मॅडमचा आक्षेप

सगळं जुळून आलं असं वाटत असताना मॅडमनी एक तक्ता पुढे ठेवला. त्यांच्या आठ कोअरच्या संगणकावर जो पहिला नमुना चालवला होता, त्याची जुळणी आमच्याशी तंतोतंत जुळत नव्हती. कोट्यवधींपैकी काहीशे वाचनं वेगळ्या जागी बसली होती. तोच नमुना, तीच आज्ञावली, तीच आवृत्ती. "एकाच बियाण्याच्या दोन पिशव्यांत वेगळं पीक येतंय," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते शोधायला दोन दिवस गेले. बीडब्ल्यूए वाचनं गठ्ठ्यागठ्ठ्याने उचलते. गठ्ठा केवढा, हे कोअर किती दिले त्यावर ठरतं: दर कोअरमागे एक कोटी अक्षरं. प्रत्येक गठ्ठ्यावरून ती जोडीतल्या दोन वाचनांमधलं सरासरी अंतर काढते, आणि संशयास्पद वाचन कुठे बसवायचं ते ठरवताना हे अंतर वापरते. चार कोअरचा गठ्ठा वेगळा, आठचा वेगळा. सरासरी केसभर हलली की सीमेवरचं एखादं वाचन इकडचं तिकडे जातं. यावर 'के' नावाचा एक पर्याय आहे. गठ्ठ्याचा आकार तिथे कायमचा ठरवून दिला, आम्ही १० कोटी अक्षरं दिला, की कोअर चार असोत वा चाळीस, उत्तर तेच येतं.

काहीशे वाचनांनी निष्कर्ष बदलला नसता, हे मलाही माहीत होतं. पण काम वाटल्याने उत्तर बदलत असेल तर त्या वाटणीवर भरवसा कसा ठेवायचा? सगळी जुळणी पहिल्यापासून केली. या वेळी दीड दिवसही लागला नाही.

शेजारचे सर

आमचं चाललेलं बघून रसायनशास्त्राचे सर आले. त्यांना पाण्यात तरंगणाऱ्या एका प्रथिनाची हालचाल बघायची होती, साठ हजार अणूंची. एका डेस्कटॉपवर दिवसभर गणना करून त्या प्रथिनाची जेमतेम ८ नॅनोसेकंदांची हालचाल हाती येत होती; नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. मायक्रोसेकंद, म्हणजे हजार नॅनोसेकंद, गाठायला चार महिने. "तुमचे वीस द्या, आठवड्यात होईल."

आम्ही आधी दोनच जोडून बघितले. वेग आठाचा सहा झाला. वाढला नाही, घटला.

आमचं काम खुरपणीसारखं होतं. ज्याची त्याची ओळ, शेजारणीशी बोलायची गरज नाही. त्यांचं काम लेझमासारखं. प्रत्येक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग), मायक्रोसेकंदात अशी ५० कोटी पावलं, आणि प्रत्येक पावलाला प्रत्येक यंत्राने आपल्या अणूंच्या जागा दुसऱ्याला कळवायच्या. आमच्या साध्या स्विचवर हिशेबापेक्षा निरोपालाच जास्त वेळ जायचा. अशा कामाला निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचवणारं जाळं लागतं, नाहीतर सगळं काम एकाच जीपीयूच्या, म्हणजे हजारो छोटे हिशेब एकदम करणाऱ्या चिपच्या, पोटात बसवावं लागतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मासारखी यंत्रं उभी राहिली ती यासाठीच. सरांनी अशाच एका यंत्रावर वेळ मागितला. मिळायला वेळ लागला, पण मिळाल्यावर एका जीपीयूवर दिवसाला शंभरेक नॅनोसेकंद निघाले.

शिखर आणि त्याचं काय झालं

३६ वाणांची एकत्र यादी तयार झाली. फरकाच्या सुमारे २० लाख जागा. तगलेल्यांत एक अक्षर आणि गेलेल्यांत दुसरं, अशी जागा शोधायची. आलेखात जिथे हा फरक ठळक, तिथे शिखर दिसतं. पहिल्याच आलेखात एका गुणसूत्रावर उंचच उंच शिखर. विभागात पेढे यायचेच बाकी होते. शोधनिबंधात कुणाचं नाव कुठे, यावर दोघांची कुजबुजही माझ्या कानावर आली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

विद्यार्थिनी मात्र गप्प होती. तगलेल्या १७ पैकी बरेच वाण एकाच घराण्यातले आहेत, हे तिला माहीत होतं. मग शिखर रोगाचं की घराण्याचं? तपासायचा मार्ग असा: तगला आणि गेला ही लेबलं पत्त्यांसारखी पिसायची, पण घराण्याच्या आतल्या आतच, आणि पुन्हा तीच गणना करायची. नुसत्या योगायोगाने एवढं शिखर किती वेळा येतं ते मोजायचं. दहा हजार वेळा. एका गणनेला दीड मिनिट, म्हणजे एका कोअरवर २५० तास. आमच्या ८० कोअरवर तीन तासांच्या वर थोडी मिनिटं. डिस्क नाही, निरोप नाही, हडंबा नाही. वीस यंत्रं लावली आणि वेगही खरोखर वीसपट झाला, असं सगळ्या उन्हाळ्यात तेवढं एकदाच झालं.

संध्याकाळी उत्तर आलं. उंच शिखर गेलं. ते घराण्याचं होतं.

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी एका संगणकावर काम लावून मी घरी गेलो असतो, तर महिनाभरात ते उंच शिखर आमच्या हातात असतं. वीस यंत्रांचं गणिताचं काम सगळं मिळून मोजक्या दिवसांचं; ती नीट चालायला पाच आठवडे गेले. पण एका यंत्रावर जुळणी दुसऱ्यांदा कुणी केली नसती. आणि दहा हजार वेळा पत्ते पिसायला तर कुणी बसलंच नसतं.

पिसून झाल्यावर एक बुटकं शिखर तेवढं उरलं. तेही नेमकं बाराव्या पोत्यातल्या एका सुट्या तुकड्यावर. तो कुठल्या गुणसूत्रावर बसतो हे २०१२ च्या प्रतीत नाही. ३६ वाणांच्या जोरावर त्याला जनुक म्हणणं धाडसाचं ठरेल. 'नेचर जेनेटिक्स'मध्ये २०१७ ला आलेल्या तुरीच्या अभ्यासात २९२ वाण होते. मॅडमनी अहवालात 'तपासण्याजोगा भाग' एवढेच शब्द ठेवले, आणि नावांची कुजबुज थांबली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षेसाठी प्रयोगशाळा परत द्यावी लागली. हार्ड डिस्क मॅडमकडे गेली. तिच्यावर आता जांभळ्या शाईत आणखी एक ओळ आहे: 'के = १० कोटी, विसरू नये'. मृगाचा पाऊस झाल्यावर विद्यार्थिनीने सिक प्लॉटमध्ये त्या सुट्या तुकड्याच्या दोन्ही रूपांचे वाण एकाआड एक ओळींत टोकले, घराणी मुद्दाम मिसळून. नोव्हेंबरात खोडं चिरून बघायची आहेत.